आधी पोटावर हात ठेवा, मग स्लिप लिहा

प्रति,
पुण्यातील खासगी रुग्णालयांचे संचालक, व्यवस्थापक व वैद्यकीय अधीक्षक यांस

विषय : पोटदुखीच्या रुग्णाला न तपासताच सीटी स्कॅनला पाठवण्याबाबत

स. न. वि. वि.

मी एक्स-रे टेक्निशियन. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म धुण्यापासून सुरुवात केली आणि सीटीच्या कन्सोलवरून निवृत्त झाले. मध्ये एकतीस वर्षं गेली, सगळी पुण्यातच. एवढ्या काळात समोरच्या टेबलावर किती पोटं येऊन गेली याची गणती नाही. सीटी स्कॅनने माणूस वाचलेला मी काचेपलीकडून अनेकदा पाहिला आहे, त्यामुळे यंत्राच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतली मी नाही. ते यंत्र कोणासाठी आणि काय शोधायला चालू करायचं, हे हल्ली कोण ठरवतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन आला. त्याची मुलगी दहा वर्षांची. संध्याकाळपासून बेंबीभोवती दुखतंय म्हणत होती, एकदा उलटी झाली होती. आठवडाभर सर्दी-खोकला चालूच होता. वडगाव बुद्रुकहून आम्ही रिक्षाने निघालो. सिंहगड रस्त्याची अवस्था तुम्हाला सांगायला नको. रिक्षा प्रत्येक स्पीडब्रेकरवर उडत होती आणि पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी बसल्या जागेवरून दोन प्रश्न विचारले: कधीपासून दुखतंय आणि वजन किती. सिस्टरनी कॅनुला लावला, रक्त घेतलं. पोटावर कोणी हात ठेवला नाही. दहा मिनिटांत सीटीची स्लिप आमच्या हातात. त्यावर दोनच शब्द होते, ‘पेन ॲब्डोमेन’.

मी म्हटलं, “डॉक्टर, लहान मूल आहे, आधी सोनोग्राफी करू या ना.”

“रात्री सोनोलॉजिस्ट नसतात, मावशी.” (दवाखान्यात ‘मावशी’ कोणाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. असो.)

“मग सर्जन एकदा पोट बघतील का?”

“रिपोर्ट आला की बघतील. प्रोटोकॉल आहे.” आणि त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद होता. वर मोठ्या अक्षरांत पोटदुखी, खाली यादी: सीबीसी, सीआरपी, लायपेज, क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्या, आणि सीटी ॲब्डोमेन. वय नाही, बाई की पुरुष नाही, दुखतंय कुठे त्याचा पत्ता नाही. कागदाच्या खाली व्यवस्थापनाचा शिक्का. हे पत्र मी लिहायला घेतलं ते त्या शिक्क्यामुळे. रात्रपाळीचा एखादा डॉक्टर दमलेला असतो, गडबडीत असतो, त्याचं मी समजू शकते. पण न तपासणं हाच नियम करून भिंतीवर लावला असेल तर तो कोणा एकाचा आळस राहत नाही. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. एकावर खापर फोडलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतात.

पहाटे एकला पोरीचा स्कॅन झाला. टेबल तीनदा पुढे-मागे झालं ते मी दारातून पाहिलं. आतला मुलगा माझ्याच व्यवसायातला, कोवळा, स्लिपवर आलं ते त्याने केलं. रिपोर्टमध्ये अपेंडिक्स नॉर्मल, आतड्याच्या पडद्यातल्या गाठी थोड्या सुजलेल्या. सर्दी-तापानंतर मुलांमध्ये हे नेहमी दिसतं आणि आपोआप बसतं. रविवारी दुपारी घरी येऊन तिने वरणभात खाल्ला. पुतण्या म्हणाला, “काकू, बरं झालं ना, सगळं नॉर्मल निघालं.” नॉर्मल निघालं म्हणून सीटी चुकीचा ठरत नाही, हे मलाही कळतं. चूक झाली ती त्याआधीच्या दहा मिनिटांत.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार हाताची. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे एक वयस्कर सर्जन होते. पोट दुखणारं मूल आलं की ते त्याला पलंगावरून खाली उतरवायचे आणि म्हणायचे, “बाळा, एका पायावर उडी मारून दाखव.” मूल हसत उडी मारू लागलं की सरांचा चेहरा सैल व्हायचा. उडी मारताच कळवळून पोट धरलं तर ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, फोन जायचा. पोटाच्या आतलं अस्तर सुजलं असेल तर कोणताही हादरा सहन होत नाही, एवढं साधं गणित. स्पीडब्रेकरचंही तसंच. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच विषयावर एक अभ्यास छापून आला. येताना वाटेत स्पीडब्रेकर लागले होते आणि पुढे अपेंडिसायटिस नक्की झाला, अशा ३४ रुग्णांपैकी ३३ जणांनी सांगितलं की गाडी उडाली तेव्हा दुखणं वाढलं. उलट दिशेने ही खूण तितकी कामाची नाही, कारण गाडी उडाल्यावर इतर कारणांनी दुखणारी पोटंही दुखतात. पण जो आरामात पेंगत आला त्याला अपेंडिक्स असण्याची शक्यता बरीच कमी होते. पुण्यात यायला रस्ता कुठलाही धरा, स्पीडब्रेकर फुकट आहेत. विचारायला अर्धं मिनिट लागतं. अपेंडिक्ससाठी अल्वाराडो नावाच्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये दहा गुणांची पद्धत दिली. दुखणं बेंबीकडून उजवीकडे सरकलं का, भूक गेली का, ताप आहे का, दाबून हात सोडल्यावर दुखतं का, पांढऱ्या पेशी वाढल्या का, असे तिचे प्रश्न. ती सगळं सांगत नाही, पण कोणाला लगेच स्कॅन हवा, कोणाला चार तास थांबवून पुन्हा हात लावून बघता येईल, हे ठरवायला मदत करते. तुमच्या कागदावर पांढऱ्या पेशी मोजायला सीबीसी तेवढी आहे, बाकी यातला एकही प्रश्न नाही.

दुखतं कुठे, यावरून तपासणी ठरते. उजव्या बरगडीखाली दुखत असेल, जेवणानंतर वाढत असेल, तर पित्ताशय बघायला सोनोग्राफीच आधी. खडे सीटीपेक्षा तिथे चांगले दिसतात. तरुण माणसाला कमरेतून जांघेकडे कळा येत असतील, म्हणजे मुतखड्याचा संशय असेल, आणि ताप नसेल, तर सोनोग्राफीने सुरुवात करता येते. अमेरिकेत १५ रुग्णालयांच्या तातडी विभागांत मुतखड्याचा संशय असलेल्या २,७५९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी सोनोग्राफी केलेल्यांपैकी काहींना नंतर सीटी लागलाच, पण एकूण किरणं कमी गेली आणि गंभीर आजार निसटण्यात फरक पडला नाही. मुतखडा पुन्हा पुन्हा होणारा माणूस दरवेळी सीटीखाली झोपतो, त्याच्यासाठी हे महत्त्वाचं. पंचावन्न वर्षांचा मधुमेही छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय म्हणाला तर आधी ईसीजी काढा आणि साखर बघा. हार्ट अटॅक पोटदुखीचं सोंग घेऊन येतो, साखर बेफाम वाढली की पोट दुखतं. असे रुग्ण सीटीच्या रांगेत व्हीलचेअरवर बसून असलेले मी पाहिलेत. आणि आतडं फुटल्याचा संशय असेल तर उभ्याने छातीचा एक्स-रे अजूनही सोन्यासारखा आहे. रुग्णाला पाच-दहा मिनिटं नीट बसवलं तर डायफ्रॅमखाली हवेची चंद्रकोर दिसते. घाईत झोपवून काढला तर दिसत नाही, मग एक्स-रे निरुपयोगी म्हणून आपणच बोंब मारतो.

बायकांच्या बाबतीत तर एक प्रश्न टेक्निशियनने विचारायचाच असतो: पाळी कधी आली होती? बरीच वर्षं झाली, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी टेबलावर होती, ओटीपोटात दुखतंय म्हणून. आई बाजूलाच. स्लिपवर तेच, ‘पेन ॲब्डोमेन’. मी आईला बिलाची पावती आणायला पाठवलं आणि मुलीला हळूच विचारलं. ती छताकडे बघत राहिली, मग म्हणाली, “दोन महिने झाले.” मी स्कॅन थांबवला. डॉक्टर माझ्यावर तडकले, पण लघवीची तपासणी झाली, मग सोनोग्राफी, आणि नळीतला गर्भ निघाला. तासाभरात ती ओटीत होती. जी तपासणी पन्नास-शंभर रुपयांत होते, ती त्या भिंतीवरच्या कागदावर आजही नाही.

दुसरी तक्रार किरणांची, आणि यात मी थोडी हट्टी आहे. मोठ्या माणसाच्या पोटाच्या एका सीटीत साधारण ८ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतकी मात्रा जाते. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये ०.१ च्या आसपास. निसर्गातून आपल्याला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिळते. म्हणजे एका फेरीत तीन-एक वर्षांची शिदोरी. घाबरण्यासारखं नाही, एका स्कॅनने होणारा धोका लहान आहे. पण मुलांच्या पेशी वाढत्या असतात, त्यांना पुढे आयुष्य जास्त जगायचं असतं, म्हणून त्यांच्या बाबतीत तो लहान धोकाही मोजून घ्यायचा. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनेच २०१२ पासून सांगितलं आहे की मुलांत अपेंडिक्सचा संशय असेल तर सोनोग्राफीचा विचार केल्याशिवाय सीटी करू नका. आणि सीटी केलाच, तर एका फेरीत. पोटदुखीच्या बहुतेक रुग्णांना कॉन्ट्रास्ट (आतले अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन एकच फेरी पुरते. साधी, मग धमन्यांची, मग शिरांची अशी तिहेरी फेरी रक्तस्राव किंवा रक्तपुरवठा बंद पडल्याचा संशय असेल तेव्हा समजू शकते. दहा वर्षांच्या पोरीला ती कशासाठी? याचं उत्तर मला ठाऊक आहे: यंत्रात तो प्रोटोकॉल आधीच भरलेला असतो, बदलायचा तर कोणीतरी रेडिओलॉजिस्टला विचारावं लागतं आणि रात्री एकला कोणी विचारत नाही. आणि तिहेरी स्कॅनचं बिल वेगळं असतं, हेही मला ठाऊक आहे.

तिसरी तक्रार रात्रीच्या सोनोग्राफीची. विचारलं की गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याकडे बोट दाखवलं जातं. ‘येथे प्रसूतिपूर्व लिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असते आणि असायलाच हवी. १९९४ चा तो कायदा आणि त्याची कडक अंमलबजावणी मुलींसाठी आहे, त्यात ढिलाई नको. पण यंत्र नोंदलेलं असेल, डॉक्टर नोंदलेले असतील, गर्भवतीच्या सोनोग्राफीची कायद्याने ठरवलेली नोंद, म्हणजे फॉर्म एफ, भरला जात असेल, तर रात्री दोन वाजता पोटदुखीच्या मुलीची सोनोग्राफी करायला तो कायदा आड येत नाही. आड येतो तो ऑन-कॉल सोनोलॉजिस्टला द्यावा लागणारा पगार. सीटीला टेक्निशियन पुरतो आणि रिपोर्ट घरबसल्या येतो. सोनोग्राफीला माणूस प्रत्यक्ष लागतो, प्रोब हातात धरून, रुग्णाच्या शेजारी. कायद्याच्या आडून ही काटकसर करू नका.

चौथी तक्रार याच्या बरोबर उलटी आहे. ती लिहिली नाही तर तुम्ही म्हणाल, ही बाई सीटीच्या विरोधातली. माझे थोरले दीर ७१ वर्षांचे होते, नाडी अनियमित, त्यासाठी गोळ्या चालू. एका संध्याकाळी एकदम पोट दुखायला लागलं. असं दुखणं मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलंय. माणूस कुशी बदलत होता, घामाने भिजला होता, आणि पोट मात्र हाताला मऊ. डॉक्टरांनी पोट दाबलं, मऊ लागलं, म्हणाले गॅस. ॲसिडिटीवरचं पॅन्टॉपचं इंजेक्शन, सलाईन. सोनोग्राफी झाली, रिपोर्ट आला ‘गॅसमुळे नीट दिसत नाही’. मी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी, मागितला तर उत्तर मिळालं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आधी येऊ द्या, नाहीतर कॉन्ट्रास्टने मूत्रपिंडाला त्रास होईल. क्रिएटिनिन सकाळी आलं. सीटी अकराला झाला. आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी, सतरा तास झालेले. सर्जननी पोट उघडलं आणि परत शिवलं.

अनियमित नाडीचा म्हातारा माणूस, प्रचंड वेदना आणि मऊ पोट, ही त्रयी पाठ्यपुस्तकात आहे. अशा वेळी सीटी अँजिओसाठी क्रिएटिनिनची वाट बघायची नसते, आतड्याकडे तेवढा वेळ नसतो. साठीपुढच्या माणसाचं पोट फसवं असतं; अनेकदा ताप येत नाही, पेशी वाढत नाहीत, आत फुटलेलं असतं तरी चेहरा शांत. त्यांच्यासाठी सीटी लवकर आणि बिनदिक्कत करा, तिथे मी स्वतः स्ट्रेचर ढकलीन. दोन्ही रुग्णालयं वेगवेगळी, वर्षंही वेगळी. एकीकडे पोरीला गरज नसताना तीन फेऱ्या, दुसरीकडे म्हाताऱ्याला गरज असताना सतरा तास एकही नाही. मला यात विरोधाभास दिसत नाही. दोन्हीकडे ‘आपण नेमकं काय शोधतोय’ हा प्रश्नच कोणी विचारला नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. त्या रात्री टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याची मंजुरी बघणाऱ्या खिडकीवर, पुतण्याला सांगितलं गेलं, सीटी नसेल तर ॲडमिशन पास होणार नाही. पॉलिसीत कलम असतं की निव्वळ तपासणीसाठी दाखल झालात तर खर्च मिळत नाही. म्हणून आजार मोठा दिसावा यासाठी स्कॅन, आणि स्कॅन करायचा म्हणून ॲडमिशन. २०२४ पासून विमा नियामकाने कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायला सांगितलंय. त्या तासात क्वेरी येऊ नये म्हणून डेस्कवरची माणसं डॉक्टरांच्या आधीच तपासण्या ठरवून मोकळी होतात. सर्जनने लिहून दिलेली तपासणीची नोंद विमा कंपनीला पुरत नसेल, तर भांडण कंपनीशी करा. मुलीच्या पोटावरून करू नका.

आणि कटबद्दल, म्हणजे रुग्ण किंवा तपासणी पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनबद्दल. तो सगळीकडे आहे असं मी म्हणणार नाही, पण एकतीस वर्षांत पाकिटं मी पाहिली आहेत. २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना कमिशन घ्यायला-द्यायला मनाई आहे. राज्यात २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला, तो मसुदाच राहिला. तुमच्यात स्वच्छ काम करणारे खूप आहेत, त्यांनी तरी जाहीर बोलावं.

मागण्या अशा.

भिंतीवरचा तो कागद काढा. यादी लावायचीच असेल तर दुखण्याची जागा, वय आणि गरोदरपणाची शक्यता यांवरून लावा, आणि सर्वांत वर लिहा: डॉक्टरांनी पोट तपासले, वेळ, सही.

सीटीच्या स्लिपवर प्रश्न लिहिल्याशिवाय टेक्निशियनने स्कॅन सुरू करायचा नाही, असा अधिकार त्याला लेखी द्या. ‘पेन ॲब्डोमेन’ हा प्रश्न नव्हे. ‘अपेंडिक्स फुटलंय का?’ हा प्रश्न आहे. त्यावर डॉक्टर तडकले तर व्यवस्थापन टेक्निशियनच्या पाठीशी हवं.

मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी चोवीस तास सोनोग्राफी द्या. एका रुग्णालयाला परवडत नसेल तर एकाच भागातल्या तीन-चार रुग्णालयांनी मिळून ती सोय करा, आणि कोणत्या रात्री कुठे आहे ते दारावर लिहा. रात्री बारा वाजता मूल घेऊन आलेल्या माणसाला निदान पुढचा पत्ता तरी मिळेल.

साठीपुढच्या रुग्णाचं दुखणं तपासणीत सापडतंय त्यापेक्षा जास्त असेल, तर सीटीसाठी क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट बघू नका.

दुखणाऱ्याला आधी वेदनाशामक द्या. निदान झाकलं जाईल ही जुनी समजूत आता कोणी धरून बसू नये.

दुसरीकडे केलेला स्कॅन नीट असेल तर तो पुन्हा करू नका. सीडी मागून बघा.

आणि प्रत्येक सीटी रिपोर्टसोबत किरणांच्या मात्रेचं पान द्या. कन्सोल ते आपोआप बनवतो, काहीही वेगळं करावं लागत नाही. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीपासून रुग्णहक्कांची सनद तुम्ही दर्शनी भागात लावलेली आहे, चांगल्या फ्रेममध्ये. आपल्या अंगात काय गेलं हे कळण्याचा हक्क त्या सनदेच्या भाषेत कुठेतरी नक्की बसतो.

आमच्या मुलीच्या सीडीत ते पान नाही. मी दोनदा काउंटरवर मागितलं, दोनदा “सिस्टीम बंद आहे” हे उत्तर मिळालं. येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता तिसऱ्यांदा येते आहे.

आपली,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन
वडगाव बुद्रुक, पुणे